उंबरठा ते तुळस

२४ मार्च २०१२ च्या पहाटे दिवेआगरला सुवर्ण गणेशाच्या देवळावर सशस्त्र दरोडा पडला. राखणीला असलेले दोघे मारले गेले आणि सोन्याचा मुखवटा गेला. श्रीवर्धन तालुक्यातलं ते गाव आमच्या कुडाळपासून लांब, पण देवळातली बातमी कोकणात कुणाला लांबची वाटत नाही. १९९७ सालच्या नोव्हेंबरात सुपारीच्या बागेत तांब्याच्या पेटीत सापडलेला तो गणपती पाहायला आमच्या गावातूनही माणसं जाऊन आली होती. पुढे टोळी सापडली, मुखवटा वितळवल्याचं निघालं, २०१७ साली अलिबागच्या विशेष न्यायालयाने पाच जणांना जन्मठेप सुनावली. पण त्या आठवड्यात यातलं काहीच झालं नव्हतं. रात्री देवळात आपल्यासारखीच दोन माणसं राखण करत होती आणि सकाळी ती जिवंत नव्हती, एवढंच लोकांच्या डोळ्यांपुढे होतं.

आमच्या देवस्थान कमिटीने सभा बोलावली आणि मला 'कायदो सांगूक' यायचा निरोप आला. मी कुडाळच्या न्यायालयात वकिली करतो, सत्र न्यायालयाची कामं असली की ओरोसला जातो. शिमगा नुकताच आटोपला होता, चाकरमानी मुंबईला परतले होते आणि गावात मागे राहिली होती ती बहुतेक म्हातारी माणसं. सभामंडपात बसायला जागा उरली नव्हती. एका पोराने उभं राहून विचारलं, "राखणदाराच्या हातात दांडो आणि चोराच्या हातात कोयतो. चोर इलो तर आमी काय हात जोडून ऱ्हवाचा?"

मी उत्तर दिलं, आणि उत्साहाने दिलं. भारतीय दंड संहितेची ९६ ते १०६ ही कलमं मला पाठ होती. स्वतःचा आणि दुसऱ्याचा देह, तशीच स्वतःची आणि दुसऱ्याची मालमत्ता राखण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, हे सांगितलं. मग कलम १०३ वर आलो. जबरी चोरी, रात्रीची घरफोडी, राहत्या घराला आग लावणं, आणि जीव जाईल किंवा जबर दुखापत होईल अशी रास्त भीती वाटावी अशा प्रकारे चाललेली चोरी, या प्रसंगांत प्रतिकार करताना हल्लेखोराचा जीव गेला तरी तो गुन्हा होत नाही. दर्शनसिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यातला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २०१० सालचा, तेव्हा ताजा होता. अंगावर धोका आला असताना माणसाने भ्याडासारखं पळून गेलंच पाहिजे अशी कायद्याची अपेक्षा नाही, हे त्यातलं तत्त्व मी मालवणीत सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. घरी येताना मला समाधान वाटत होतं.

त्या सभेत पुढच्या रांगेत, खांबाला टेकून एक सत्तरीचे आजोबा बसले होते. गिरणीत बदली कामगार होते, १९८२ च्या संपानंतर गावी परतलेले. मुलगे मुंबईला, घरी ते आणि त्यांची बायको. त्यांनी प्रश्न विचारला नाही. ऐकत मात्र होते.

वर्षभराने, २०१३ च्या एप्रिलअखेरीस, पहाटे पोलीस पाटलांचा फोन आला. मी पोहोचलो तेव्हा आजोबा ठाण्यात बाकावर बसले होते. डावा हात कोपराखाली सुजून काळानिळा झाला होता. मला बघितल्यावर ते उठायला लागले आणि म्हणाले, "वकिलानू, तुमी सांगल्यात तसांच केलंय."

हे वाक्य मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही.

त्या रात्री चौघे आले होते. चौघे, म्हणून कागदावर ती जबरी चोरी. पाचवा असता तर त्याच कृत्याचं नाव दरोडा झालं असतं. काजूचा हंगाम संपत आला होता आणि बी विकून घरात पैसे आले असणार हे कुणालाही कळण्यासारखं होतं. मागीलदाराची कडी पहारीने उचकटून ते आत शिरले. आजींचे हात त्यांच्याच लुगड्याच्या पदराने बांधले, गळ्यातलं आणि हातातलं काढून घेतलं. पैसे खंय, म्हणून आजोबांच्या अंगावर पहार उगारली. तो फटका त्यांनी डाव्या हातावर घेतला. पडवीच्या कोपऱ्यात काजूची झाडं बेणायची कोयती असते, ती उजव्या हाताला लागली. पहार धरलेल्याच्या खांद्यावर, मानेजवळ घाव बसला. बाकीचे तिघे पुढच्या दाराने बाहेर पळाले. जखमी झालेला त्यांच्यामागून धडपडत उंबरठ्याबाहेर गेला, खळ्यातून चालत तुळशीपाशी पोहोचला. आजोबा मागून गेले आणि तिथे दुसरा घाव घातला. मानेच्या मागच्या बाजूला.

तो तिथेच पडला. वय तेवीस.

मी पहिल्यांदा काय केलं ते सांगतो, कारण आमच्या भागात या वेळी हमखास चुका होतात. शेजाऱ्यांनी तोवर एक गोष्ट रचून ठेवली होती: चोर वाटणीवरून आपापसात भांडले आणि त्यांच्यातल्याच एकाने मारलं. कोयती विहिरीत टाकावी असंही एकाने सुचवलं होतं. सगळं प्रेमापोटी. पण ज्याला स्वसंरक्षणाचा आधार घ्यायचाय त्याने 'मी मारलंच नाही' म्हणून कसं चालेल? १९६८ च्या मुन्शीराम खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय, की आरोपीने हा बचाव तोंडाने मांडला नसला तरी पुराव्यातून तो दिसत असेल तर न्यायालयाने विचारात घ्यावा. ते खरं. पण खोटं बोलून मग दयेने सत्य शोधून घ्या म्हणणं, ही वाट मी कुणालाही सांगत नाही. पुराव्याचा भार तेव्हाच्या पुरावा कायद्याच्या कलम १०५ प्रमाणे आरोपीवर असतो, तरी तो सरकार पक्षाइतका जड नसतो. शंकेपलीकडे काही सिद्ध करावं लागत नाही, शक्यतेचा काटा आपल्या बाजूला झुकला की पुरतं. झुकवायला मात्र खऱ्या वस्तू लागतात. मोडकी कडी, ती पहार, आजींच्या मनगटावरचे वळ.

आणि आजोबांचा हात. अटकेच्या कागदात त्या हाताचा उल्लेखच नव्हता. मी लेखी अर्ज देऊन वैद्यकीय तपासणी करून घेतली. हाड मोडलं होतं. आरोपीच्या अंगावरच्या जखमांचा खुलासा सरकार पक्ष करत नसेल तर त्याच्या साऱ्या कहाणीवर संशय घ्यायला जागा होते, हे लक्ष्मीसिंग विरुद्ध बिहार राज्य या १९७६ च्या निकालापासून चालत आलंय. पण जखम कागदावर आलीच नाही तर खुलासा कशाचा मागायचा? हात बरा होतो, वळ आठवड्यात जातात. मी त्या दिवशी पोहोचलो नसतो तर खटल्याच्या वेळी फक्त एक मेलेला तरुण आणि एक जिवंत म्हातारा उरला असता.

कलम ३०२ लागलं होतं. खून.

जामीन झाल्यावर मी त्यांच्या घरी गेलो आणि टेप लावून मोजलं. उंबरठ्यापासून तुळशीपर्यंत बावीस फूट. पंचनाम्यातही बावीसच होते. रक्ताचा एक डाग उंबऱ्यात, दुसरा वृंदावनाच्या पायाशी. टेप गुंडाळताना माझ्या लक्षात आलं, की सभामंडपात मी हक्क कुठवर जातो ते सांगितलं होतं. तो कधी संपतो ते सांगितलं नव्हतं.

ते दंड संहितेच्या कलम १०५ मध्ये होतं आणि मी ते त्या सभेत वगळलं होतं. वेळ कमी होता, लोकांना ऐकायचं होतं ते वेगळं होतं, आणि खरं सांगायचं तर मलाही टाळ्या हव्या होत्या. मालमत्तेच्या रक्षणाचा हक्क धोक्याची रास्त भीती सुरू होते तेव्हा सुरू होतो. जबरी चोरीत तो टिकतो कुठवर? चोर जोवर मारतोय, मारू पाहतोय किंवा अडवून ठेवतोय तोवर. किंवा त्या क्षणी मरणाची, दुखापतीची, अडवलं जाण्याची भीती जोवर शिल्लक आहे तोवर. रात्रीच्या घरफोडीत, ती करून घरात झालेला शिरकाव जोवर चालू आहे तोवर. आणि या सगळ्यावर कलम ९९ ची मर्यादा: बचावासाठी गरजेचं तेवढंच नुकसान, त्याहून जास्त नाही, पोलिसांकडे जायला सवड असेल तर हक्कच नाही. आमच्या त्या वाडीतून पोलीस ठाणं पंधरा किलोमीटर आणि फोनला रेंज यायला टेकावर चढावं लागायचं, तेव्हा सवडीचा प्रश्न सुटला होता. पण बावीस फुटांचा सुटत नव्हता.

मी एक मुद्दा फार जीव ओतून मांडला. घर म्हणजे काय? कायद्याची घरफोडी इमारतीची असते, भिंती संपल्या की इमारत संपली. पण कोकणातल्या माणसाला विचारा. पावसाळा सरला की खळं चोपून सारवतात, वर माटव घालतात, मग पुढचे सात-आठ महिने घर तिथेच असतं. काजू वाळतो तिथे, सोलं सुकतात तिथे, लग्न लागतं तिथे, उन्हाळ्यात माणसं निजतात तिथे. तुळशीपाशी उभा असलेला चोर घराबाहेर गेला असं त्या माणसाला वाटतच नाही. न्यायाधीशांनी हे शांतपणे ऐकून घेतलं. निकालात मात्र त्यांनी उंबरठाच धरला, आणि तेव्हा मला राग आला तरी त्यांनी तो मुद्दा चुकीचा निकाली काढला असं आज मी म्हणणार नाही. हक्क कुठेतरी थांबायला हवा.

ते मला कशाने पटलं, तर मयताच्या आईमुळे. खटल्याच्या तीन तारखांना ती ओरोसला आली होती. बाहेरच्या जिल्ह्यातून, दोन एसट्या बदलून. पहिल्या दिवशी व्हरांड्यात तिने मलाच विचारलं, अमक्याची केस कुठल्या कोर्टात आहे? तिच्या हातातल्या चिठ्ठीवर माझ्याच अशिलाचं नाव होतं. मी दार दाखवलं. आत गेल्यावर आरोपीतर्फे उभा राहिलेला माणूस मीच, हे तिने पाहिलं आणि मान खाली घातली. तिचा मुलगा चोर होता, पहार घेऊन आला होता, एका बाईचे हात बांधले होते, यातलं काहीच ती नाकारत नव्हती. तिला एवढंच जाणून घ्यायचं होतं, की तो परत निघाला होता ना, मग का मारलं. कायद्याचा प्रश्नही नेमका तोच होता. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांना सरकारी वकिलांनी तोच विचारला: दुसरा घाव मागून बसलाय का? डॉक्टर हो म्हणाले.

माझ्याकडे उत्तर होतं. तिघे अंधारात उभे होते की पळाले होते हे आजोबांना कळायला मार्ग नव्हता. आजींनी साक्षीत सांगितलं होतं, "माका वाटलां तो परत भितर येता." त्या आत बांधलेल्या होत्या. मयताच्या हातात पहार तेव्हाही होती. घाबरलेल्या माणसाचं वागणं सोनाराच्या काट्यावर तोलायचं नसतं, हे तर सर्वोच्च न्यायालयाने कितीतरी निकालांत सांगितलंय. एवढ्यावर खटला उभा राहिला असता. आता आरोपीच्या जबाबात आजोबांनी 'तो वळत होता, म्हणून घाव घातला' इतकं सांगायचं होतं. मी त्यांना हे शब्द शिकवले नव्हते. पण काय विचारलं जाईल ते समजावलं होतं, आणि उत्तराची दिशाही दाखवली होती. ते मी लपवत नाही.

न्यायाधीशांनी विचारलं. आजोबा कठड्याला धरून उभे होते. म्हणाले, "पयलो घाव भियान घातलंय. दुसरो कित्याक घातलंय, तां माका अजून कळणा नाय."

न्यायाधीशांनी ते प्रमाण मराठीत उतरवून घेतलं. पहिला घाव भीतीने घातला. दुसरा का घातला ते मला अजून समजत नाही. लेखनिकाची बोटं थांबली तेव्हा दालनात पंख्याशिवाय आवाज नव्हता.

निकाल २०१६ मध्ये लागला. पहिला घाव पूर्णपणे हक्कात. दुसरा हक्काबाहेर, पण सद्भावनेने, बचावाच्या भरात, सूडाचा बेत नसताना. दंड संहितेच्या कलम ३०० चा दुसरा अपवाद नेमका यासाठी होता: हक्काची मर्यादा ओलांडली गेली तर खून न मानता सदोष मनुष्यवध मानायचा. कलम ३०४, भाग पहिला, पाच वर्षं सक्तमजुरी. मी उच्च न्यायालयात अपील केलं, शिक्षा स्थगित होऊन जामीन मिळाला. माझं मत आजही असं, की सत्तरी ओलांडलेल्या, हात मोडलेल्या माणसाची भीती बावीस फुटांत विरत नाही. भीतीला विरायला वेळ लागतो. न्यायाधीशांनी अंतर मोजलं, मला वाटतं सेकंद मोजायला हवे होते. तो सगळा प्रकार फार तर दहा-बारा सेकंदांचा असेल.

त्या चौघांपैकी एकच नंतर पकडला गेला. दोघे आणि दागिने मिळालेच नाहीत.

त्यानंतर मी गावोगाव बोलायला जातो तेव्हा आधी कलम १०५ सांगतो आणि मग १०३. आता आकडे बदललेत. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्यात १०३ चं ४१ झालं, १०५ चं ४३, आणि मर्यादेचं ९९ हे ३७ झालं. गाभा तोच, १८६० च्या कायद्यातला. लोकांचे प्रश्नही तेच. शेतीसंरक्षणाचा परवाना असलेली बंदूक आमच्याकडे घरोघर, माकडं-रानडुकरांसाठी घेतलेली. "काजू चोरूक इलो तर बार काढू काय?" असं अजून विचारतात. नाही. नुसती चोरी असेल, जिवाची भीती नसेल, तर जीव जाईल असं काहीही करण्याचा हक्क नाही. धरा, अडवा, आरडाओरडा करा. बागेभोवती विजेची उघडी तार सोडणाऱ्यांना तर मी हात जोडून सांगतो. तार कुणाला भीत नाही, मग ती कुणाच्या भीतीपोटी मारते असं न्यायालयात सांगणार? सकाळी तिथे शेजाऱ्याचा पोर पडलेला असतो.

आणि 'रास्त' या शब्दावर थांबतो. २०१८ च्या १ जुलैला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला पोरं पळवणारे समजून पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने मारलं. २०२० च्या १६ एप्रिलला पालघर जिल्ह्यात गडचिंचल्याला चोर समजून दोन साधू आणि त्यांच्या गाडीचा चालक मारले गेले. भीती तिथल्या लोकांनाही वाटली असेल. पण ती मोबाईलवरून आणि कानोकान आलेली. समोरच्या माणसांच्या हातात काही नव्हतं. ते आजोबा आणि तो जमाव यांच्यात फरक काय, असं एकदा माणगावच्या शाळेत एका मुलीने मला विचारलं. मी म्हटलं, आजोबांच्या डाव्या हाताचं हाड. तिने ते वहीत लिहून घेतलं.

आजोबा २०१८ च्या पावसात गेले. अपील तेव्हा सुनावणीला आलं नव्हतं. आरोपी मेला की अपील त्याच्याबरोबर संपतं, पण जवळच्या नातलगाने तीस दिवसांत परवानगी मागितली तर ते पुढे चालवता येतं. बाराव्या-तेराव्याच्या गडबडीत ही मुदत कुणाच्या ध्यानात राहत नाही. विसाव्या दिवशी आजी एकट्या, सहा आसनी रिक्षाने माझ्या ऑफिसात आल्या. मी तोवर कागद तयार ठेवले होते. त्यांना वाटलं मी विसरलो असेन. अंगठ्याला शाई लावताना म्हणाल्या, "तेंका खुनी म्हणतत. तां पुसूक होया."

मी सांगितलं, निकालात खून नाही, सदोष मनुष्यवध आहे. त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. आमच्या वाडीत त्या दोन शब्दांत कुणी फरक करत नाही.

१८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं आणि सिंधुदुर्गाची कामं तिकडे गेली. मी आजींना फोन करून सांगितलं. पंच्याऐंशीच्या आसपास असतील आता, ऐकायला कमी येतं, दोनदा सांगावं लागलं.

"कोल्हापूर मुंबयपेक्षा जवळ मा?" त्यांनी विचारलं.

म्हटलं, हो, फोंडाघाट चढला की आलंच. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, खळं या वर्षी अजून चोपलं नाही, माणूस मिळत नाही. पण त्याआधी तुम्हाला परत मोजायचं असेल तर या. तुळस त्यांनी हलवलेली नाही.